जामचा चौरस्ता आणि आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यास



जाम हे समुद्रपूर तालुक्यातील गाव नकाशावर शोधत बसावे लागत नाही. रस्ताच प्रवाशाला तेथे आणून सोडतो. नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला महामार्ग येथे येतो, त्याचा एक फाटा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे वळतो आणि मुख्य रस्ता हिंगणघाटवरून हैदराबादच्या दिशेने निघून जातो. श्रीनगर ते कन्याकुमारी अशा लांबीच्या या मार्गावर दिवसरात्र मालमोटारी धावतात. त्यांच्यात काय भरले आहे, ते कोठून आले आणि कोठे चालले आहे, याची चौकशी कोणी केली तर त्याला कोळसा, सिमेंट, संत्री आणि कापूस एवढीच उत्तरे मिळत नाहीत. त्या मालाची किंमत कोणी ठरविली, हाही प्रश्न पुढे येतो. ते उत्तर मात्र या चौरस्त्यावर मिळत नाही. कधी ते न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात असते, कधी जिनेव्हातील एखाद्या समितीच्या कागदांत, तर कधी वॉशिंग्टन आणि दिल्ली यांच्यामधील वाटाघाटींत.

या गावातील किंवा तालुक्यातील एखाद्या मुलाने अथवा मुलीने विद्यापीठात जाऊन आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यास करण्याचे मनात आणले, तर घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो नोकरीचा. तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नातून शिक्षणाचा खर्च करणाऱ्या बापाला तो विचारण्याचा अधिकार आहे. परंतु दुसरा प्रश्न जो विचारला जातो तो अधिक घातक आहे. ‘तुला त्या अमेरिका-रशियाशी काय करायचे आहे?’ हा तो प्रश्न. परराष्ट्रांचे व्यवहार ही दिल्लीकरांची, इंग्रजी बोलणाऱ्यांची, परदेश पाहिलेल्यांची बाब आहे, असा समज त्यामागे असतो आणि विद्यापीठांतील अध्यापनाची रीत त्या समजाला बळकटीच देते.

मराठी मुलखात हा विषय बहुधा राज्यशास्त्राच्या आश्रयाने राहतो. पदव्युत्तर वर्गात त्याची एखाददुसरी प्रश्नपत्रिका असते. वास्तववाद, आदर्शवाद, सत्तासमतोल, राष्ट्रीय हितसंबंध, सामूहिक सुरक्षितता या संज्ञांच्या व्याख्या पाठ केल्या जातात. संयुक्त राष्ट्रांच्या घटकसंस्थांची यादी लिहिली जाते. अलिप्ततावादाची वैशिष्ट्ये मुद्देसूद मांडली जातात. पुढे हीच टिपणे स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतात, म्हणून त्यांना मागणीही असते. ज्ञान म्हणून या टिपणांत खोटे काही नसते. फक्त ती वाचून विद्यार्थ्याला आपल्या बापाने कापूस कोणत्या भावाने विकला याचा उलगडा होत नाही.

हा विषय मुळात राजधानीत जन्माला आला असे मानण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातील पहिले अध्यासन 1919 मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ या समुद्रकाठच्या लहानशा गावातील महाविद्यालयात स्थापन झाले. त्यासाठी देणगी दिली ती डेव्हिड डेव्हिस यांनी. त्यांच्या आजोबांनी कोळशाच्या खाणींतून संपत्ती मिळविली होती. पहिल्या महायुद्धाचा संहार पुन्हा होऊ नये अशी त्यामागील भावना होती आणि अध्यासनाला नाव देण्यात आले अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे. गंमत अशी की, 1936 मध्ये त्याच अध्यासनावर ई. एच. कार आले आणि 1939 मध्ये त्यांनी विल्सनप्रणीत भाबडेपणावर घणाघात करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. सर्व राष्ट्रांचे हितसंबंध एकच आहेत ही शिकवण जे आधीच तृप्त आहेत त्यांना सोयीची असते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. खुल्या व्यापारात सर्वांचे भले आहे असे ऐकून घेणाऱ्या कापूस उत्पादकाला कार यांचा हा मुद्दा कोणत्याही प्राध्यापकाच्या मदतीविना समजेल.

भारतात या अभ्यासाची पायाभरणी 1943 मध्ये स्थापन झालेल्या जागतिक घडामोडींच्या भारतीय परिषदेने केली. हृदयनाथ कुंझरू हे तिचे आधारस्तंभ. 1955 मध्ये सप्रू हाऊसमध्ये आंतरराष्ट्रीय अध्ययनाची स्वतंत्र संस्था निघाली, ए. अप्पादोराय तिचे संचालक झाले आणि 1970 मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. या संस्थेने देशाला प्रदेशविशेषांचे जाणकार दिले, हे ऋण मान्य केले पाहिजे. पण त्यामुळे हा विषय म्हणजे दिल्लीचा विषय हे समीकरणही रूढ झाले. प्रादेशिक विद्यापीठांनी आपल्या वाट्याला आलेली दुय्यम भूमिका विनातक्रार पत्करली. 1923 साली स्थापन झालेल्या आणि 2005 पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या नागपूर विद्यापीठाच्या परिसरात जगाशी जोडलेले किती तरी धागे पडून आहेत. ते उचलण्याचे काम मात्र विद्यापीठाबाहेरील माणसांनीच अधिक केले.

वर्धा जिल्ह्याचेच पाहा. सप्टेंबर 1939 मध्ये युरोपात युद्ध पेटले आणि व्हाइसरॉयने भारताला न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले, तेव्हा काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्यास जमली होती. 14 सप्टेंबरचे तिचे निवेदन हा परराष्ट्रधोरणाचा एक अव्वल दस्तऐवज आहे. नाझी आक्रमणाचा निषेध त्यात आहे आणि त्याच दमात ब्रिटनने आपली युद्धोद्दिष्टे स्पष्ट करावीत, लोकशाहीसाठी लढणाऱ्याने आपल्या साम्राज्याचे काय करणार ते सांगावे, अशी मागणीही आहे. 1942 च्या जूनमध्ये गांधीजींनी सेवाग्रामहून चँग कै-शेक यांना पत्र लिहिले आणि जुलैच्या आरंभी अध्यक्ष रूझवेल्ट यांना. अमेरिकन पत्रकार लुई फिशर त्याच उन्हाळ्यात आठवडाभर सेवाग्रामला राहून गेले. त्याआधी 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला जे वैद्यकीय पथक गेले त्यात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते हे सर्वांना ठाऊक आहे, नागपूरचे डॉ. चोळकर उतारवयात त्याच पथकाचे उपनेते म्हणून गेले होते, हे नागपुरातही किती जणांना माहीत असेल? जगाच्या राजकारणात भाग घेण्यासाठी या प्रदेशातील माणसांनी कोणाची परवानगी मागितली नव्हती.

मात्र हा भावनेचा भाग झाला. जिल्ह्याचा जगाशी असलेला कायमचा आणि रोजचा संबंध आहे तो कापसाचा. हिंगणघाटचा कापूस एके काळी मँचेस्टरच्या दलालांच्या तोंडी असलेले नाव होते. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि विदर्भाच्या काळ्या मातीकडे साम्राज्याचे लक्ष वळले. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा 1862 मध्ये झाला. 1867 पर्यंत लोहमार्ग नागपूरला पोहोचला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नावाचा अधिकारी नेमला गेला. युद्ध 1865 मध्ये संपले तेव्हा भाव कोसळले. मुंबईत शेअरांचे इमले ढासळले त्याची कहाणी पुष्कळदा सांगितली जाते. खेड्यात कर्ज काढून कापूस पेरणाऱ्याचे काय झाले, याची कहाणी लिहायला मुंबईइतके लेखक मिळाले नाहीत. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीचे युद्ध, इंग्लंडमधील बेकार झालेला कामगार आणि वर्धा नदीच्या खोऱ्यातील कुणबी हे तिघे एकाच धाग्याने बांधले गेले होते आणि तिघांपैकी एकालाही दुसऱ्याचे नाव माहीत नव्हते. आंतरराष्ट्रीय राजकारणाचा पहिला धडा याहून चांगला कोणता असू शकेल?

त्यानंतर दीडशे वर्षांनी चित्र किती बदलले? 1972 पासून सुमारे तीन दशके महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना चालली. तिचे गुणदोष हा वेगळा विषय आहे. ती चालू असतानाच, 15 एप्रिल 1994 रोजी मराकेश येथे जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सह्या झाल्या. भारताच्या वतीने वाणिज्यमंत्री प्रणव मुखर्जी यांनी सही केली आणि 1 जानेवारी 1995 पासून करार अमलात आला. शेतीविषयक कराराच्या एका परिशिष्टात असे ठरले की, एखाद्या देशाने शेतमालाला दिलेल्या हमीभावामुळे किती आधार दिला गेला हे मोजताना तुलनेसाठी 1986 ते 1988 या वर्षांतील आंतरराष्ट्रीय किंमत धरावयाची. किंमत त्या तीन वर्षांची, आणि ती गोठविलेली. त्यानंतर चलन घसरले, खत महागले, मजुरी वाढली. तुलनेची किंमत जागची हलली नाही. विकसनशील देशाला अशा आधाराची मर्यादा उत्पादनमूल्याच्या 10 टक्के.

याचा परिणाम कळावयास नोव्हेंबर 2018 मधील एक घटना पाहावी. अमेरिकेने जिनेव्हात निवेदन दाखल करून तक्रार केली की, भारत कापसाच्या हमीभावाद्वारे मर्यादेच्या कितीतरी पट आधार देतो आणि ते लपवितो. वादाचे मर्म हिशेबाच्या पद्धतीत होते. भारत हिशेब डॉलरमध्ये मांडतो आणि सरकारने प्रत्यक्ष खरेदी केलेला मालच धरतो. अमेरिकेचे म्हणणे असे की हिशेब रुपयांत करा आणि हमीभावाला पात्र असलेला सर्व कापूस धरा, मग सरकारने तो विकत घेतलेला असो वा नसो. म्हणजे ज्या शेतकऱ्याने हमीभावापेक्षा कमी भावात व्यापाऱ्याला कापूस घातला, त्यालाही भारत सरकारने मदत केली असे या गणिताने सिद्ध होते! हमीभाव न मिळाल्याचे दुःख ज्याने भोगले त्याच्याच नावावर ही मदत कागदोपत्री जमा. हे गणित समजून घेण्यासाठी अर्थशास्त्र लागते, करारकायदा लागतो, राजकारण लागते. आणि हिंगणघाटच्या बाजार समितीच्या आवारात हिवाळ्यातील एक सकाळ घालवलेली असावी लागते. शेवटची अट कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नसते.

तक्रार करणाऱ्या अमेरिकेचा स्वतःचा इतिहास याच पिकाबाबत काय होता? 2002 मध्ये ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध दावा लावला. 2004 मध्ये निवाडा ब्राझीलच्या बाजूने लागला, मार्च 2005 मध्ये अपील मंडळाने तो कायम केला. अमेरिकेने तरीही अनुदाने पुरती मागे घेतली नाहीत, म्हणून 2009 मध्ये ब्राझीलला प्रतिउपायांची परवानगी मिळाली. अखेरीस 2014 मध्ये 30 कोटी डॉलर देऊन अमेरिकेने प्रकरण मिटविले. ते पैसे मिळाले ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला. अनुदानामुळे भाव पडतात आणि त्याची झळ सर्वच गरीब उत्पादकांना बसते हे सिद्ध झाले. भरपाई मात्र जो लढला त्यालाच मिळाली. भारत त्या दाव्यात त्रयस्थ पक्ष होता.

या दाव्यातील एक बाब विद्यापीठांनी विशेष लक्षात घ्यावी. अमेरिकन अनुदाने नसती तर जागतिक भाव किती राहिला असता याचा हिशेब ब्राझीलच्या वतीने मांडला तो कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ डॅनियल समनर यांनी. म्हणजे अमेरिकन सरकारविरुद्धचा सर्वांत भेदक पुरावा एका अमेरिकन प्राध्यापकाच्या अभ्यासिकेतून आला. तेथील कापूस उत्पादक त्यांच्यावर संतापले. विद्वान मात्र आपल्या आकड्यांवर ठाम राहिला. ज्ञानाचे राजकारण म्हणतात ते हे. विदर्भातील कापसाच्या बाजूने असा हिशेब मांडू शकेल असा विभाग विदर्भात उभा राहणे हे मंत्र्यांच्या दहा परदेश दौऱ्यांपेक्षा अधिक मोलाचे ठरेल.

पश्चिम आफ्रिकेतील बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी 2003 मध्ये कापसाचा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेसमोर ठेवला. बुर्किना फासोचे अध्यक्ष ब्लेझ कॉम्पाओरे यांनी त्या जूनमध्ये जिनेव्हात जाऊन स्वतः तो मांडला. कॉम्पाओरे हे लोकशाहीचे पाईक नव्हते, हेही येथे सांगितलेच पाहिजे. न्याय्य मागणी करणारा प्रत्येक जण न्यायी असतोच असे नाही. त्या वर्षी कानकूनची परिषद मोडली त्याच्या कारणांत कापूस हे एक होते. मालीचा कापूस उत्पादक आणि जामच्या परिसरातील कापूस उत्पादक यांची दुःखे इतकी सारखी आहेत की, त्यांची पत्रे एकमेकांच्या पत्त्यावर गेली तर चूक ध्यानात यावयाची नाही. पण मालीविषयी मराठीत वाचावयाला काय मिळते? आणि फ्रेंच येणारा विदर्भातील विद्यार्थी फ्रेंच शिकून पुढे कशाकडे वळतो? बहुधा कंपन्यांच्या भाषांतरकामाकडे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. विद्यापीठाने त्याच्यापुढे दुसरे काम ठेवलेलेच नसते.

भाषेचा मुद्दा दोन्ही बाजूंनी आहे. एका बाजूने हा विषय मराठीत सकस रीतीने शिकविता आला पाहिजे. तो शिकविता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र पुन्हा एकदा उघडावे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या त्या ग्रंथात इतर सावकार आणि टोपीकर सावकार यांच्यात भेद केला आहे. टोपीकरांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, म्हणून त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये असा सल्ला आहे. व्यापारी कंपनी आणि तिच्यामागील राज्यसत्ता यांचा संबंध इतक्या नेमकेपणाने ओळखणारे गद्य ज्या भाषेत तीनशे वर्षांपूर्वी लिहिले गेले, त्या भाषेत बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीची चर्चा करता येत नाही हे म्हणणे आळसाचे आहे. मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा जालन्याच्या महिकोबरोबर भागीदार होती अमेरिकेची मोन्सॅन्टो. 2018 मध्ये ती मोन्सॅन्टो जर्मनीच्या बायरने विकत घेतली. शेतातील सरकीचा धनी कोण, हा प्रश्न अमात्यांना नवा वाटला नसता.

दुसऱ्या बाजूने, मराठीचा अभिमान म्हणजे परभाषांना पाठ दाखविणे नव्हे. गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज दप्तरात आयुष्यभर बसले म्हणून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास मराठी वाचकाच्या हाती आला. गोवामुक्तीच्या काळात सत्याग्रही सीमेवर लाठ्या-गोळ्या खात असताना पोर्तुगालने दादरा-नगर हवेलीच्या वाटेच्या हक्कावरून भारताला हेगच्या न्यायालयात खेचले होते; एप्रिल 1960 मध्ये त्याचा निकाल लागला. पोर्तुगाल अटलांटिक कराराचा सभासद असल्यामुळे पाश्चात्त्य सत्ता त्याच्या पाठीशी होत्या आणि डिसेंबर 1961 मध्ये सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव अडला तो सोव्हिएत नकाराधिकारामुळे. सत्याग्रह, न्यायालय, लष्करी गट आणि नकाराधिकार हे चारही एकाच प्रश्नात गुंतलेले असताना त्यांतील एकच बाजू शिकविणे हा अर्धवटपणा होय. पोर्तुगीज, फ्रेंच, चिनी, अरबी यांपैकी एक भाषा शिकल्याविना या विषयाची पदवी मिळू नये, असा नियम करावयास हरकत नाही. ओरड होईल, होऊ द्यावी.

विद्यापीठाबाहेर हा वाद मराठीत चालू राहिला याचे श्रेय शेतकरी चळवळीला दिले पाहिजे. शरद जोशी शेतीत उतरण्यापूर्वी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत अधिकारी होते. भारत सरकार शेतकऱ्याला अनुदान देत नाही, उलट लुटते, म्हणून खुल्या जागतिक बाजाराला शेतकऱ्याने भिऊ नये असे त्यांचे मत होते. एके काळी त्यांच्याच संघटनेत असलेले वर्धा जिल्ह्यातील विजय जावंधिया यांनी नेमके उलटे मांडले: अमेरिका आपल्या उत्पादकाला प्रचंड अनुदान देत असताना खुला बाजार हा शब्दच फसवा आहे. न्यूयॉर्कचा रुईचा भाव, डॉलरचा दर आणि यवतमाळ-वर्ध्याच्या बाजारातील भाव यांचे नाते ते वर्षानुवर्षे वृत्तपत्रांतून समजावीत आले. या दोघांपैकी कोणाचे म्हणणे कोणत्या काळात किती खरे ठरले, हा प्रबंधाचा विषय आहे. तो पारावर, सभांत, बाजारात रंगला. विद्यापीठात तो परीक्षेच्या बाहेरचा राहिला.

आणि प्रश्न जुना झालेला नाही. मार्च 2012 मध्ये केंद्र सरकारने कापूस निर्यातीवर एकाएकी बंदी घातली. कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला विचारले नसल्याची जाहीर तक्रार केली, सर्वांत मोठा खरेदीदार चीन नाराज झाला आणि आठवड्याच्या आत बंदी उठवावी लागली. 2021 मध्ये आयात कापसावर 11 टक्के शुल्क बसविण्यात आले. ऑगस्ट 2025 मध्ये रशियन तेलाच्या खरेदीचे कारण पुढे करून अमेरिकेने भारतीय मालावरील जकात 50 टक्क्यांवर नेली. तिरुपूर-सुरतच्या कापडधंद्याला धक्का बसला, त्याला दिलासा म्हणून 19 ऑगस्टपासून कापसावरील आयातशुल्क माफ करण्यात आले. ती माफी प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत होती, नंतर डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली गेली. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे वेचणीचा आणि विक्रीचा ऐन हंगाम. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात 8,110 रुपये जाहीर झालेला होता. युक्रेनमधील युद्ध, रशियाचे तेल, वॉशिंग्टनची जकात, दिल्लीचा शुल्कमाफीचा आदेश आणि समुद्रपूर तालुक्यातील बैलगाडी अशी ही साखळी आहे. तिच्यातील एकही कडी काल्पनिक नाही.

या साखळीतील सर्व दोष परकीयांचा, असे सांगून टाळ्या घेणे सोपे आहे. जिनेव्हातील करार आडवे येतात हे खरे. पण हमीभावाची खरेदी केंद्रे उशिरा उघडतात ती जिनेव्हाच्या आदेशाने नव्हे. कापडगिरणीचा कामगार आणि कापूस उत्पादक यांच्या हितांत आयातशुल्काच्या प्रश्नावर ताण आहे, हेही लपवू नये. गिरणीला स्वस्त रुई हवी आणि शेतकऱ्याला भाव हवा. दोघांच्याही नावाने घोषणा देणाऱ्या कार्यकर्त्याला हा ताण ठाऊक नसेल, तर प्रश्नोत्तराच्या वेळी त्याची फजिती अटळ आहे. 1976 मध्ये नैरोबीला गरीब राष्ट्रांनी कच्च्या मालाच्या भावांना स्थैर्य देणारी योजना मांडली, तिच्या दहा प्रमुख मालांत कापूस होता. ती योजना का बारगळली? श्रीमंत राष्ट्रांचा विरोध हे एक कारण; कच्चा माल विकणारे गरीब देश आणि तो विकत घेणारे गरीब देश यांची तोंडे दोन दिशांना होती, हे दुसरे. दुसरे कारण भाषणांत येत नाही. 2019 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने नेमणुका अडविल्यामुळे व्यापार संघटनेचे अपील मंडळ ठप्प झाले. म्हणजे ब्राझीलने ज्या मार्गाने न्याय मिळविला तो मार्गही पुढच्यांसाठी अर्धा बुजला.

या हंगामापासून तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयाला एक काम हाती घेता येईल. त्याला अनुदान लागत नाही, परवानगीही लागत नाही. राज्यशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनी एक जाड वही घालावी. दररोज हिंगणघाट बाजार समितीतील कापसाचा किमान आणि कमाल भाव तिच्यात लिहावा. शेजारच्या रकान्यात सरकीचा भाव, तिसऱ्यात न्यूयॉर्कचा रुईचा वायदा, चौथ्यात डॉलरचा दर. शेवटचा रकाना मोकळा ठेवावा आणि ज्या दिवशी भाव हलला त्या दिवशी जगात काय घडले ते त्यात नोंदवावे. मार्चअखेर ती वही घेऊन विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांकडे जावे आणि सत्तासमतोलाच्या व्याख्येत हे कोठे बसते, असे विचारावे.